उतारवयाचे घर : सेवाग्राम आणि पवनारच्या वाटेने

आपल्या घरातील दारांच्या चौकटींकडे आज जरा निरखून पाहावे. सत्तरी ओलांडलेले माणूस ज्या घरात राहते, तिथे न्हाणीघराच्या दाराशी, जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी किंवा पलंगालगतच्या भिंतीवर, कमरेपेक्षा थोडा वर, एक तेलकट काळपट डाग बहुधा आढळतो. रंग नवा दिला तरी वर्षभरात तो पुन्हा उमटतो. घरातील मंडळी त्याला अस्वच्छतेची खूण मानतात आणि दिवाळीच्या आधी पुसून टाकतात. वास्तविक तो डाग फार मोलाचा आहे. उठताना, वळताना, पाऊल उचलताना शरीराला नेमका कुठे आधार लागतो, हे तो सांगतो. भिंतीत आधाराची दांडी बसवायची असेल, तर जागा शोधण्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. ती जागा त्या हाताने आधीच दाखवून ठेवलेली असते.

माणूस घराला घडवतो, हे आपण सहज मान्य करतो. घरही माणसाला घडवते, त्याच्या सांध्यांना, झोपेला, भुकेला, मनःस्थितीला वळण लावते, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. आणि तरुणपणी ते लक्षात येण्याचे कारणही नसते. विशीतला माणूस कोणत्याही घरात निभावून नेतो. उंबरठा उंच असला तर पाय उंच टाकतो, दिवा मंद असला तर डोळे ताणतो, खोली तापली तर बाहेर जातो. वय वाढते तसतशी ही तडजोड करण्याची शक्ती उणावत जाते. घर तेच असते, पण त्याच्या मागण्या जणू वाढलेल्या भासतात. अशा वेळी बदलायचे कोणी? माणसाला तर बदलणे शक्य नसते. मग घराने बदलले पाहिजे.

वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकांना हा विचार करण्यासाठी दूर जावे लागत नाही. शहरापासून सात-आठ किलोमीटरांवर सेवाग्राम आहे, आणि जवळपास तेवढ्याच अंतरावर नागपूरच्या रस्त्याला धाम नदीच्या काठी पवनार आहे. ही दोन्ही स्थाने आपण इतिहास म्हणून पाहतो, पाहुण्यांना दाखवतो. आज ती एका निराळ्या दृष्टीने पाहू.

सहासष्टाव्या वर्षानंतरचे घर

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात राहावयास आले, तेव्हा त्यांच्या वयाची ६६ वर्षे पूर्ण झालेली होती. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. जमीन जमनालाल बजाजांची होती, गावाला धड रस्ता नव्हता, आणि महिना विदर्भातल्या उन्हाळ्याचा. पुढे १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. (बुलढाण्यातल्या शेगावशी नावाचे साम्य असल्याने टपालाचा घोळ होत असे, हे त्याचे एक व्यावहारिक कारण होते.) प्रथम बांधले गेले ते आदिनिवास, तिथे सगळेच एकत्र राहत. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो, ती झोपडी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारलेली. नंतर गांधीजी तिच्यात राहू लागले आणि गरजेप्रमाणे तिच्यात भर पडत गेली.

त्या कुटीविषयी साधेपणाचे बोल पुष्कळ ऐकू येतात. ते खरेच आहेत. पण एका वृद्ध माणसाचे घर म्हणून तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तसे पाहिले तर काही गोष्टी डोळ्यांत भरतात. भिंती माती-लाकडाच्या, वर कवेलू, भोवती ओसरी. ऊन थेट भिंतीवर पडत नाही. ते ओसरीच्या छपरावरच अडते. बसण्याची, लिहिण्याची आणि चरख्याची जागा एकमेकींपासून हाताच्या अंतरावर. वस्तू मोजक्या, त्यामुळे पायात येणारे काही नाही.

इव्हान इलिच हे विचारवंत जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला एका परिषदेच्या उद्घाटनासाठी आले होते. त्या कुटीत ते बराच वेळ बसले आणि तिच्यातल्या जागा त्यांनी मोजल्या : दाराशी पादत्राणे काढण्याची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची स्वतःची बसण्याची व कामाची जागा, पाहुण्यांची खोली, आजाऱ्याची खोली, मोकळी ओसरी आणि प्रशस्त न्हाणीघर. अशा सात. वस्तूंनी भरलेली इमारत निराळी आणि माणूस ज्यात जगतो ते घर निराळे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

या यादीतल्या शेवटच्या नावापाशी थोडे थांबावे. एवढ्याशा झोपडीत न्हाणीघर प्रशस्त आहे, आणि आजाऱ्यासाठी वेगळी खोली आहे. आपण पंधरा-वीस लाखांचे घर बांधतो तेव्हा सर्वांत अरुंद, सर्वांत अंधारी आणि सर्वांत निसरडी जागा न्हाणीघराच्या वाट्याला येते. दिवाणखान्यात सोफ्याला जागा हवी, म्हणून न्हाणीघर चार फुटांचे होते. मग वीस वर्षांनी आईला आंघोळ घालण्याची वेळ येते, तेव्हा मदत करणारीला आत उभे राहावयास जागाच उरत नाही. दोघीही भिजतात, दोघीही घसरतात. घर बांधणाऱ्या वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते की, दिवाणखान्याची दोन फुटे न्हाणीघराला द्यावीत. खुर्ची आत मावली पाहिजे आणि खुर्चीशेजारी एक माणूस उभा राहिला पाहिजे. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच शरीराने अडते.

मातीच्या घरांची आठवण काढताना डोळ्यांत पाणी आणणे सोपे आहे. पण मातीच्या घराला सारवण लागते, आणि ते आजवर बहुधा घरच्या बाईने, गुडघे टेकून केलेले आहे. कवेलू दर पावसाळ्याआधी फेरावी लागतात. भिंतींच्या फटींत विंचू असतो. खुद्द सेगावची हवा आरोग्याला मानवणारी नव्हती. हिवतापाचा त्या भागात जोर होता आणि १९३६ मध्येच गांधीजींनाही मलेरियाने गाठले. साचलेले पाणी, उघडी घाण, डास ही परिस्थिती बदलण्यासाठी आश्रमाने सफाईचे काम हाती घेतले, ते केवळ तत्त्वासाठी नव्हते. ज्या परिसराने माणसे आजारी पडत होती, तो परिसर माणसांनीच तसा केलेला होता.

स्लॅब, कूलर आणि नवतपा

आज जिल्ह्यातील खेड्यांतही स्लॅबचे घर आले आहे, आणि ते येण्याला कारण आहे : गळत नाही, साप येत नाही, लोकांत मान मिळतो. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा या घराचा स्वभाव कळतो. सिमेंटचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. बाहेर अंगणात वारा सुटलेला असतो, आणि आत बाजेवर पडलेले आजोबा रात्री दोन वाजताही तापत असतात. जाड मातीची भिंत व कवेलू यांची रीत याहून निराळी : भिंत उष्णता उशिरा आत येऊ देते आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते.

वृद्धांना उन्हाचा धोका अधिक का, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. वाढत्या वयात तहानेची जाणीव बोथट होते. शरीरात पाणी कमी झालेले असूनही तहान लागत नाही. घाम कमी येतो. रक्तदाबासाठी किंवा पायांवरच्या सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणखी वेगाने कमी होते. (अशा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांना विचारून घ्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किती पाणी प्यावे, हेही त्यांनाच विचारावे.) रात्री लघवीला उठावे लागू नये म्हणून पुष्कळ आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. म्हणजे न्हाणीघर दूर आणि वाट अंधारी, एवढ्या कारणाने शरीर कोरडे पडते. घराच्या रचनेचा आरोग्याशी संबंध इतका सरळ असतो.

कूलर हे आपल्या विदर्भाचे वरदान आहे, पण तो चालवण्यात एक चूक घरोघरी होते. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावल्या जातात. कूलरची हवा दमट असते. ती बाहेर पडावयास समोरची खिडकी थोडी उघडी हवी. नाही तर खोलीत दमटपणा साचतो, घाम वाळत नाही आणि जीव घाबरा होतो. नुसत्या पंख्याविषयीही सावध असावे. खोलीतले तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंखा शरीरावर गरम हवाच फेकतो. तेव्हा ओले फडके अंगावर घेणे, हातपाय, मान वरचेवर ओली करणे अधिक हिताचे. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. पूर्वी डबक्यातला डास हिवताप देत असे, आज आपल्याच कूलरमधल्या स्वच्छ पाण्यातला डास डेंग्यू देतो. टाकीतून झिरपलेल्या पाण्यावर पाय घसरण्याची आणि वायरचा धक्का बसण्याची भीती असते ती वेगळीच.

गच्चीवर उन्हाळ्याच्या तोंडाशी चुन्याचा पांढरा हात दिला, पश्चिमेच्या भिंतीला वेलीची किंवा ताट्यांची सावली दिली, तर खालची खोली निश्चित निवते. जमत असेल तर नवतप्याचे दिवस तरी वडीलधाऱ्यांची बाज वरच्या मजल्यावरून खाली आणावी. आणि एक लक्षात असू द्यावे : उन्हाळ्यात एखादे वृद्ध माणूस अचानक असंबद्ध बोलू लागले, अंग तापून निघाले, पाऊल झोकांडू लागले, तर ‘वयाने भ्रम झाला’ असे म्हणून झोपवून ठेवू नये. सावलीत आणून अंगावर पाणी घालावे, वारा घालावा, शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

किती सोय, किती श्रम

येथवर वाचून कोणाला वाटेल की घरातील प्रत्येक अडचण दूर करणे हाच उपाय. तसे नाही. पॉवेल लॉटन आणि लुसील नॅहेमो या अमेरिकी अभ्यासकांनी १९७३ मध्ये वृद्धत्वाविषयी एक विचार मांडला. माणसाच्या अंगी काही क्षमता असते आणि भोवतालच्या जागेची त्याच्याकडे काही मागणी असते. मागणी क्षमतेच्या फार पुढे गेली तर माणूस हरतो, पडतो, माघार घेतो. पण मागणी अगदीच नाहीशी झाली तरी माणूस ढासळतो, कारण न वापरलेली क्षमता उरत नाही. जागेवर चहा, जागेवर जेवण, जागेवर टीव्ही अशी प्रेमाने केलेली व्यवस्था काही आठवड्यांत पायांतील बळ नेते. आपल्याकडे सेवा म्हणजे वडिलांना हलू न देणे असा समज फार खोल आहे, आणि तो प्रेमातून आलेला असल्यामुळे त्याविरुद्ध बोलणे कठीण जाते. तरीही बोलले पाहिजे.

पवनारची हकीकत या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. १९३८ च्या आरंभी विनोबांची प्रकृती अगदी खालावली होती. वजन ८८ पौंडांवर आले होते. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहावे अशी सूचना झाली. विनोबांनी त्याऐवजी पवनार निवडले. जमनालालजींचा तेथे धामच्या काठी, उंचावर, बंगला होता. मार्च १९३८ मध्ये ते तेथे गेले, ते सगळ्या कामांचा आणि विचारांचा भार मनातून टाकून देण्याचा संकल्प करून. पडून मात्र राहिले नाहीत. मोकळ्या हवेत राहणे, फिरणे आणि शेतात थोडे थोडे खोदणे असा क्रम सुरू झाला. खोदण्याचा वेळ शक्तीप्रमाणे वाढत गेला. सुमारे दहा महिन्यांत वजन चाळीस पौंडांनी वाढले.

वय तेव्हा अवघे बेचाळीस होते, हे खरे. सत्तरीच्या वाचकाने कुदळ हाती घ्यावी असे येथे सुचवायचे नाही. लक्ष द्यावे ते या गोष्टीकडे की हवापालटासाठी शेकडो कोस जावे लागले नाही. नदी, उंचवटा, मोकळी हवा आणि दररोज थोडा वाढणारा श्रम एवढे पुरले. आणि त्या खोदण्याने जागाही बदलली. जमिनीतून जुन्या मूर्ती निघाल्या, त्यांत भरत-राम भेटीचे शिल्प होते; ते आज आश्रमात आहे. माणसाने माती हलवली, मातीने माणूस उभा केला, आणि पुढे १९५९ मध्ये तेथेच ब्रह्मविद्या मंदिर आले.

घरच्या प्रमाणात याचा अर्थ असा : चहाची किटली पलंगाशी नेऊ नका, ओट्यावर खुर्ची ठेवा आणि चहा तिथे द्या. खुर्चीला हात असावेत, बैठक फार खोल नसावी, बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकावेत. तुळशीला पाणी घालणे, भाजी निवडणे, शेंगा फोडणे ही कामे काढून घेऊ नका. काम जमिनीवरून टेबलाच्या उंचीवर आणा, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांनाही ती जमतात. जमिनीवर बसण्याची सवय ज्यांची टिकून आहे, त्यांनी ती टिकवावी, मात्र उठताना धरायला भक्कम काहीतरी जवळ असू द्यावे. प्लास्टिकची खुर्ची भक्कम नव्हे.

आजाऱ्याची बाज कुठे?

कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री १९३९ मध्ये सेवाग्रामला आले. त्या काळी या रोगाचे माणूस गावाबाहेर ठेवण्याची रीत होती. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीच्या जवळच झोपडी करविली आणि त्यांच्या अंगाला ते स्वतः मालिश करीत. जवळ ठेवण्याचा तो निर्णय मानवतेचा होताच, पण तो जागेचाही निर्णय होता. दृष्टीच्या टप्प्यात असलेल्या माणसाची विचारपूस आपोआप होते.

आपल्या घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शांतता मिळावी म्हणून मागची खोली दिली जाते. तिला खिडकी असते, पण ती शेजारच्या भिंतीत उघडते. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले २३ रुग्ण खिडकीतून झाडे दिसणाऱ्या खोलीत होते, आणि त्यांच्याशी जुळणारे तेवढेच रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या खोलीत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी बाज फिरवून डोके दुसऱ्या बाजूला केले आणि अंगणातला कडुनिंब दिसू लागला, तर त्यासाठी खर्च काहीच येत नाही. दिवसाचा उजेड चेहऱ्यावर आला की रात्रीची झोपही सुधारते.

विस्मृतीचा आजार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत जागेचे महत्त्व याहूनही अधिक. आर्वी किंवा हिंगणघाटकडील राहत्या घरातून एखाद्या आजीला मुलगा पुण्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन जातो. गावात ती बरी चालती-बोलती होती. इथे आठ दिवसांत गोंधळते, रात्री उठून दार शोधते. मुलाला वाटते, आजार एकदम वाढला. पुष्कळदा झालेले असते ते असे : चाळीस वर्षे पलंगाच्या उजवीकडे दार होते, आता ते डावीकडे आहे. शरीराने पाठ केलेले घर हरवले आहे. नेणे अटळ असेल तर पलंग तसाच लावावा, दाराची बाजू शक्यतो तीच ठेवावी, जुने घड्याळ, देवाची तसबीर, पाण्याचा तोच तांब्या ओळखीच्या जागी असावा. न्हाणीघराचे दार रात्री अर्धे उघडे आणि आत दिवा लावलेला असावा, म्हणजे शोधावे लागत नाही.

दिव्यांविषयी एक माहिती अनेकांना नसते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यामुळे मुलाला जो दिवा पुरेसा वाटतो, तो वडिलांना पुरत नाही. पलंग ते न्हाणीघर या वाटेवर रात्रभर लहान दिवे असू द्यावेत. उंबरठ्यावर भडक रंगाचा पट्टा ओढावा. फरशी आणि उंबरठा एकाच रंगाचे असले की पाय अडतो. पायपुसणे सरकणारे असेल तर सरळ काढून टाकावे. आधाराची दांडी भिंतीत खोल बसवलेली असावी. टॉवेल वाळत घालण्याच्या दांडीवर शरीराचा भार टाकणे धोक्याचे. अंथरुणातून उठल्यावर मिनिटभर काठावर बसून मगच उभे राहण्याची सवय लावावी, कारण एकदम उठल्याने रक्तदाब खाली येतो आणि तोल जातो.

हे बदल करण्यापूर्वी ज्यांच्यासाठी ते करायचे, त्यांना विचारावे. सुट्टीत आलेली मुले दोन दिवसांत सगळे घर उलटेपालटे करून जातात आणि वडील तिसऱ्या दिवशी सवयीने जुन्या जागी हात टाकतात, तेथे कपाट नसते. त्यापेक्षा एका संध्याकाळी त्यांच्यासोबत घरातून सावकाश एक फेरी मारावी. हात कुठे टेकतो, पाऊल कुठे अडखळते, कुठे ते दिवा लावतात आणि कुठे लावण्याचा कंटाळा करतात, हे पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, पंधरा दिवस वापरून पाहू द्यावा, आणि त्यांना नको असेल तर पूर्ववत करावा. दांडी बसवायला गवंडी येईल तेव्हा वडिलांनाच त्या जागी उभे करून, हात पोहोचतो कुठे ते पेन्सिलीने आखून घ्यावे.